शेवटून पहिला आलेला गेम

आजच्या भागात अशा एका गेमची गोष्ट आहे, ज्याचं नाव आपल्याकडे फार कुणी ऐकलेलं नसेल. ‘डेथ क्रिमझन’. ९ ऑगस्ट १९९६ ला जपानमध्ये सेगा सॅटर्न या कन्सोलवर तो आला. बंदुकीने टीव्हीवर नेम धरून खेळायचा गेम. जपानी खेळाडूंनी त्याला अक्षरशः शेवटचा नंबर दिला. तरीही इतक्या वर्षांनी त्याचं नाव निघतं. असं का, तेच आज बघूया.

आधी बंदूक समजून घेऊ. ‘डक हंट’ आठवतोय? टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्यात कॅसेट टाकायची आणि उडणारी बदकं टिपायची. तुम्ही खेळला नसाल तर घरातल्या मोठ्या भावंडांना विचारा. मुळात हा गेम निन्टेन्डोने १९८४ मध्ये काढलेला. गंमत अशी, की त्या बंदुकीतून बाहेर काहीच जात नाही. बंदूक म्हणजे खरं तर एक डोळा आहे. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीला तो उजेड दिसला तर बदक मेलं. नाही दिसला तर नेम चुकला.

सॅटर्नची बंदूक याच्या एक पाऊल पुढची. जुन्या डबा टीव्हीत एक किरण वरून खाली, ओळीओळीने चित्र रंगवत जायचा, सेकंदाला साधारण ६० वेळा. आपण नेम धरलेल्या ठिकाणी तो किरण पोचला की बंदूक कन्सोलला इशारा द्यायची. कन्सोल फक्त बघायचा, की या घडीला किरण कुठे आहे? तिथेच गोळी लागली. हिशोब सगळा वेळेचा. आजच्या एलसीडी टीव्हीत तसा किरणच नाही, म्हणून ही बंदूक तिथे आंधळी होते.

आता १९९६ चा काळ डोळ्यासमोर आणा. बंदुकीच्या गेम्सची चलती होती. सेगाचा ‘व्हर्चुआ कॉप’ आधी आर्केडमध्ये गाजला आणि १९९५ मध्ये सॅटर्नवर घरी आला. नाम्कोचा ‘टाइम क्रायसिस’ आर्केडमध्ये गर्दी खेचत होता. या मोठ्या पहिलवानांच्या आखाड्यात इकोल नावाची एक छोटी कंपनी उतरली, ‘डेथ क्रिमझन’ घेऊन.

आणि काय झालं? सगळंच फसलं! ग्राफिक्स ओबडधोबड. नेम धरावा एकीकडे आणि गोळी लागावी दुसरीकडे, अशी तक्रार. शत्रू दिसेपर्यंत आपल्याला मार बसलेला. पण खरी कमाल आहे सुरुवातीच्या व्हिडिओत. नायकाचं नाव कॉम्बॅट एचिझेन, भाडोत्री सैनिक. पळता पळता तो एका पडक्या वास्तूत शिरतो आणि मोठ्या ऐटीत जाहीर करतो, की आलोच आहोत तर मी हा लाल दरवाजा निवडतो. आता अडचण अशी, की पडद्यावर निवडायला दुसरा दरवाजाच नाही. आणि जो आहे, तोही धड लाल दिसत नाही.

त्या वेळी जपानमध्ये ‘सेगा सॅटर्न मॅगझिन’ नावाचं नियतकालिक होतं. वाचक गेम्सना १० पैकी गुण द्यायचे आणि त्यावरून क्रमवारी छापून यायची. या शेकडो गेम्सच्या यादीत ‘डेथ क्रिमझन’ तळाला गेला. सरासरी किती? १ च्या किंचित वर. म्हणजे जवळजवळ प्रत्येकाने कमीत कमी जेवढे देता येतील तेवढेच गुण दिले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण इथूनच ती सुरू झाली.

जपानीत अशा गेमला ‘कुसोगे’ म्हणतात, म्हणजे एकदम टुकार गेम. लोक मुद्दाम तो शोधून खेळू लागले. एचिझेनचे डायलॉग पाठ झाले, लाल दरवाजाचा किस्सा जपानी इंटरनेटवर फिरत राहिला. चाहते त्याला ‘डेथ-सामा’ म्हणू लागले. ‘सामा’ हा फार आदराचा शब्द. आपण ‘डेथ महाराज’ म्हणावं, तसंच काहीसं.

आणि इकोल? त्यांनी तोंड लपवलं नाही. १९९९ मध्ये ड्रीमकास्टवर ‘डेथ क्रिमझन २’ आला. मग ‘डेथ क्रिमझन ओएक्स’, तोही आधी आर्केडमध्ये आणि नंतर घरी. पुढे फायटिंग गेम्समध्ये ज्याचं नाव झालं, त्या ‘मेल्टी ब्लड’च्या २००५ च्या आर्केड आवृत्तीमागेही हीच कंपनी होती. यादीत शेवटचा नंबर आला म्हणून दुकान बंद झालं नाही.

आता मला यातलं महत्त्वाचं काय वाटतं, ते सांगतो. त्या यादीत मधल्या नंबरांवरही कितीतरी गेम्स होते. ठीकठाक, नेटके, कुणाचीच तक्रार नसलेले. त्यातली किती नावं आज कुणाच्या तोंडी आहेत? पहिला नंबर लक्षात राहतो, शेवटचाही राहतो. मधले विसरले जातात. गुण आपल्याला एवढंच सांगतात, की वस्तू किती चांगली जमली. लोक तिच्यावर जीव लावतील का, हे गुणांवरून कळत नाही.

‘डेथ क्रिमझन’ बनवणाऱ्यांनी मुद्दाम विनोद केला नव्हता. ते मनापासून थरारक गेम बनवायला गेले होते. तो प्रामाणिकपणा दिसतो, म्हणून हसू येतं आणि मायाही वाटते. ठरवून वाईट केलेल्या गोष्टीला हे भाग्य लाभत नाही.

काळजीची गोष्ट एकच आहे. किस्से यूट्यूबवर टिकतील, पण हा गेम खऱ्या बंदुकीने खेळायचा तर अजूनही जुना डबा टीव्हीच लागतो, आणि ते टीव्ही दरवर्षी भंगारात चाललेत. ते संपले की फक्त गोष्ट उरेल, हातातला अनुभव नाही. म्हणून घरात कुठे असा चालू टीव्ही पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दोन मिनिटं विचार करा.

आणि हो, पुढच्या वेळी एखाद्या ॲपला एक स्टार देताना एचिझेनला आठवा. भेटू पुढच्या भागात!