दृक्-तंत्रिकाशोथ, पुनरावर्ती : जालपटल-प्रतिमांकन

डोळ्याकडून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या दृक्-तंत्रिकेस पुनःपुन्हा शोथ (दाहयुक्त सूज) आल्यास तिची किती हानी झाली, हे जालपटलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या) प्रतिमांवरून मोजण्याची पद्धत. रुग्ण या विकारास ‘डोळ्याची नस सुजणे’ व तपासणीस ‘ओसीटी’ म्हणतात.

लक्षणे व कारणे : बुबुळ हलवताना दुखणे, काही दिवसांत नजर धूसर होणे आणि लाल रंग फिका दिसणे ही प्रमुख लक्षणे होत. अमेरिकेतील एका मोठ्या उपचारचाचणीत १० वर्षांत ३५ टक्के रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या डोळ्यात शोथ पुन्हा झाला. बहुविध काठिण्य (एमएस), ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंडांशी निगडित विकार आणि मॉग प्रतिपिंडविकार ही पुनरावृत्तीची मुख्य कारणे आहेत.

तत्त्व : दृक्-तंत्रिका म्हणजे जालपटलातील गुच्छिका-कोशिकांच्या तंतूंची जुडी. त्यामुळे नस डोळ्यामागे सुजली, तरी तिची झीज उलट दिशेने पडद्यापर्यंत येते आणि तेथील थर पातळ होतात. साध्या नेत्रदर्शकाने हे सुरुवातीला कळत नाही. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत झटक्याच्या (शोथ येण्याच्या) वेळी नेत्रबिंब (पडद्यावर दिसणारे नसेचे टोक) सर्वसाधारणच दिसते.

मापन : १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आदींनी प्रकाशीय सुसंगती छेदचित्रण (ओसीटी) मांडले. अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातून पडद्याचे थर काही मायक्रोमीटरच्या सूक्ष्मतेने दिसतात. सुई किंवा रंगद्रव्य लागत नाही. नेत्रबिंबाभोवतीचा तंतुथर आणि पीतबिंदूजवळचा गुच्छिका-कोशिकांचा थर यांची जाडी मोजतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, झटक्यानंतर ३ महिन्यांच्या आत दोन डोळ्यांतील फरक गुच्छिका-थरात ४, तर तंतुथरात ५ मायक्रोमीटरपेक्षा (किंवा तितक्याच टक्क्यांपेक्षा) जास्त असल्यास निदानास पुष्टी मिळते.

पुनरावृत्तीचे मूल्यमापन : ताज्या झटक्यात सुजेमुळे तंतुथर जाड दिसतो आणि आधीची झीज झाकली जाते. गुच्छिका-थर सहसा सुजत नाही. म्हणून नवी हानी त्यावर लवकर ओळखता येते. एकाच आकड्यापेक्षा जुन्या-नव्या मापांतील फरकाला अधिक महत्त्व असते. ॲक्वापोरिन-४ विकारात एका झटक्यातही थर बराच पातळ होऊ शकतो.

मर्यादा : काचबिंदू व तीव्र लघुदृष्टी यांतही थर पातळ आढळतात. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉलने होणारी नसेची हानी सहसा दोन्ही डोळ्यांत व वेदनारहित असते. ती वेगळी ओळखावी लागते. थर फारच पातळ झाल्यावर पुढील झटक्याची हानी आकड्यांत उतरत नाही. कारण ठरवण्यासाठी एमआरआय आणि प्रतिपिंडांची रक्ततपासणी आवश्यक असते.

ग्रामीण रुग्ण : हिवरा आश्रम (ता. मेहकर, जि. बुलढाणा) यासारख्या गावातील रुग्ण दर झटक्याला वेगळ्या शहरात गेला, तर तुलनेचा धागा तुटतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरील आकडे थेट ताडता येत नाहीत. म्हणून शक्यतो एकाच यंत्रावर तपासणी करावी, जुने अहवाल जपून प्रत्येक भेटीला सोबत न्यावेत आणि नजर अचानक मंदावल्यास स्कॅनसाठी न थांबता तातडीने नेत्रतज्ज्ञ गाठावा.