स्वातंत्र्य कोणाचे, संविधान कोणासाठी? : अमेरिकेच्या इतिहासातील एक धडा

स्वातंत्र्य आणि संविधान हे दोन शब्द आपल्याकडे जोडीने उच्चारले जातात. परकीयांची सत्ता गेली की देश स्वतंत्र झाला, आणि देश स्वतंत्र झाला की त्यातील माणसेही स्वतंत्र झाली, असा एक सोयीचा समज त्यामागे असतो. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. वसाहतीचे स्वातंत्र्य, कायद्याने बांधलेले राज्य आणि माणसाची मुक्ती या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच दिवशी येतातच असे नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हे अमेरिकेच्या उदाहरणावरून पाहणार आहोत. साम्राज्याशी लढून स्वतंत्र झालेल्या आणि लिखित संविधानावर राज्य उभारणाऱ्या वसाहतींचे आधुनिक काळातील पहिले मोठे उदाहरण तेच होय. शिवाय क्रांतिबा जोतीराव फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर या दोघांनीही त्या देशाच्या इतिहासाकडे डोळसपणे पाहिले होते.

राजसत्तेला लगाम

राज्य करणाराही कायद्याखाली असतो, हे घटनात्मक राज्याचे मूलतत्त्व. इंग्लंडात त्याचा आरंभ म्हणून १५ जून १२१५ या दिवसाकडे बोट दाखविले जाते. त्या दिवशी रनीमीडच्या कुरणावर राजा जॉन याने बंडखोर सरदारांपुढे नमून मॅग्ना कार्टा ही सनद मान्य केली. कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या न्यायनिर्णयावाचून किंवा देशाच्या कायद्यावाचून कैद करता येणार नाही, हे तिच्यातील प्रसिद्ध कलम. परंतु ‘स्वतंत्र माणूस’ या दोन शब्दांतच खरी मेख आहे. त्या काळच्या इंग्लंडातील शेतकऱ्यांचा फार मोठा भाग जमीनदाराच्या भूमीला जखडलेल्या भूदासांचा होता. सनद राजाला बांधत होती. भूदासाला सोडवीत नव्हती. पुढे १६२८ चा हक्कांचा अर्ज आणि १६८९ ची हक्कांची सनद यांनी पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसविण्याचा राजाचा अधिकार काढून घेतला. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या इंग्रजांनी हीच परंपरा आपल्याबरोबर नेली.

एकच वर्ष, दोन आरंभ

व्हर्जिनिया ही इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकून राहिलेली वसाहत. तेथील जेम्सटाउन गावी ३० जुलै १६१९ रोजी वसाहतवाल्यांच्या प्रतिनिधींची सभा भरली. इंग्रजी अमेरिकेतील ती पहिली प्रातिनिधिक विधानसभा होय. त्यानंतर महिनाभरातच, ऑगस्ट १६१९ च्या अखेरीस, त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला एक जहाज लागले. त्यातून वीसहून काही अधिक आफ्रिकी स्त्री-पुरुष उतरविण्यात आले आणि अन्नधान्याच्या मोबदल्यात त्यांचा व्यवहार झाला.

एकाच भूमीवर, एकाच उन्हाळ्यात प्रतिनिधी सभा आणि माणसांचा बाजार यांचा प्रारंभ व्हावा, याला आम्ही केवळ योगायोग मानत नाही. सभेत बसणाऱ्यांची मालमत्ता ज्या तंबाखूच्या शेतीवर वाढली, ती शेती पुढे गुलामांच्या श्रमांवरच चालली. सभा आणि बाजार यांत विरोध आहे, असे त्या सभेला वाटले नाही.

चहा आणि बंगालची दिवाणी

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे सांगताना कर आणि चहा यांचा उल्लेख नेहमी होतो. परंतु त्या कथेत आपला देशही आहे, हे क्वचितच सांगितले जाते. १७६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकन वसाहतींवर मुद्रांक कर लादला. पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही, म्हणून आम्हांवर कर बसविण्याचा तिला अधिकार नाही, असा युक्तिवाद वसाहतींनी केला. त्याच १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीने मोगल बादशहाकडून बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, मिळविला. बंगालच्या रयतेला मात्र कोणी संमती विचारली नाही. पाच वर्षांत, १७७० साली, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि असंख्य लोक मेले.

एवढा महसूल हाती येऊनही कंपनी कर्जात बुडाली. तिला सावरण्यासाठी १७७३ साली पार्लमेंटने दोन कायदे केले. नियामक कायद्याने कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारावर सरकारी देखरेख आणली. चहाच्या कायद्याने तिचा साठलेला चहा अमेरिकेत थेट विकण्याची सवलत तिला दिली. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, त्या या कंपनीच्या चहाच्या होत्या. पुढे १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली, तो सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ साली बंगालचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९३ साली त्यानेच जमीनदारांच्या हिताची कायमधारा पद्धत लागू केली. साम्राज्याने एका खंडात गमावले ते दुसऱ्या खंडात भरून काढले.

जाहीरनामा आणि त्यातून गळलेले शब्द

४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत आणि शासनाची न्याय्य सत्ता शासितांच्या संमतीतून येते, हे त्याचे सार. जन्माने येणाऱ्या अधिकारावर हा मोठा घाव होता, हे निःसंशय. परंतु त्याचा मसुदाकार थॉमस जेफरसन याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा जो परिच्छेद मसुद्यात होता, तो अंतिम जाहीरनाम्यातून वगळण्यात आला.

मग गुलामांनी काय करावे? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नराने जाहीर केले होते की, बंडखोर मालकांना सोडून जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त होतील. हजारो गुलाम पळाले. १७८३ साली ब्रिटिशांनी न्यूयॉर्क सोडले, तेव्हा सुमारे ३,००० कृष्णवर्णीयांची नावे नोंदवून त्यांना जहाजांतून बाहेर नेण्यात आले. ब्रिटिशांचा हेतू करुणेचा नव्हता, लष्करी होता. तरीही, मालकाच्या स्वातंत्र्यात गुलामाचे स्वातंत्र्य नसेल तर गुलामाने मालकाच्या ध्वजाखाली का लढावे, हा प्रश्न उरतोच. भीमा कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढलेल्या महार सैनिकांना जे देशद्रोही म्हणतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

तीन-पंचमांश माणूस

१७८७ साली मे ते सप्टेंबर या काळात फिलाडेल्फिया येथे संविधान परिषद भरली. ५५ प्रतिनिधी उपस्थित राहिले. १७ सप्टेंबर रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. कायदे करणारे, अंमल करणारे आणि न्याय देणारे यांची सत्ता वेगळी ठेवावी, या माँटेस्क्यूच्या विचाराला या संविधानाने प्रत्यक्ष रूप दिले. राज्यरचनेच्या दृष्टीने ते असामान्य कार्य होते.

परंतु कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी मिळावेत हे ठरविताना अडचण आली. लोकसंख्येत गुलाम मोजावेत की नाही? मताधिकार गुलामांना द्यायचा नव्हता. तरीही दक्षिणेकडील मालकांना ते मोजायला हवे होते, कारण गुलामांची संख्या धरली की मालकांच्या जागा वाढत होत्या. शेवटी एका गुलामाची गणना तीन-पंचमांश करावी, असा तह झाला. शिवाय १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर बंदी घालता येणार नाही आणि पळून गेलेला गुलाम मालकाला परत करावा लागेल, अशी कलमे घालण्यात आली. ‘गुलाम’ हा शब्द मात्र संविधानात कोठेही येऊ दिला नाही. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकसंख्येपैकी सुमारे ७ लाख माणसे गुलाम होती.

या कलमाचा दोष अपूर्णांकात नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. गुलाम पूर्ण मोजला असता, तर मालकाचे बळ आणखी वाढले असते. खरा अन्याय हा की, संख्या एकाची आणि आवाज दुसऱ्याचा. हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना आणि पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला: अस्पृश्यांची संख्या हिंदूंत धरायची, परंतु त्यांचा प्रतिनिधी कोणी निवडायचा? २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा १४८ झाल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. जागा आमची, निवड इतरांची, ही बाबासाहेबांची व्यथा होती.

संघातील मोजणी

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती. भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व ठाऊक होते. विनयपिटकात याचा तपशील मिळतो. प्रस्ताव म्हणजे ञत्ती. ती मांडून संघाची संमती एकदा किंवा महत्त्वाच्या कामी तीनदा विचारली जाई. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत पाहिले जाई आणि शलाका वाटणारा भिक्षू पक्षपातरहित असावा लागे.

कार्यपद्धती गणराज्यांतही होती. वज्जी लोक एकत्र जमतात, एकमताने कामे करतात, तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही, असे तथागतांनी सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आहे. परंतु त्या गणांच्या सभेत कुलीन क्षत्रिय बसत. दास आणि कर्मकर बसत नसत. संघाचे वेगळेपण येथे दिसते. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली या नाभिकाला प्रव्रज्या देण्यात आली, जेणेकरून राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयी प्रश्न विचारले गेले ते याच उपालींना. मालकाने मुक्त न केलेल्या दासाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयात आहे, हेही आम्ही लपवीत नाही. बाहेरच्या सत्तेचा हात संघाच्या दारापर्यंत पोहोचत होता. पण जो आत आला, त्याची शलाका तीन-पंचमांश नव्हती, ती पूर्ण होती.

फुले ते बाबासाहेब

अमेरिकेत तो हिशोब पुसायला ८१ वर्षे आणि लाखो प्राणांचा बळी घेणारे यादवी युद्ध लागले. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तीन-पंचमांशाची गणना रद्द केली आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णामुळे मताधिकार नाकारण्यास बंदी केली. १८७३ साली क्रांतिबा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांनी गौरव जाहीरनामा लिहिणाऱ्यांचा केला नाही, बेड्या तोडणाऱ्यांचा केला. ही निवड अर्थपूर्ण आहे. पुढे दक्षिणेत पंधरावी दुरुस्ती कागदावरच राहिली. मताधिकार प्रत्यक्षात येण्यास १९६५ चा कायदा यावा लागला.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना हा इतिहास जवळून ठाऊक होता. म्हणूनच १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी दोन गोष्टी एकदम सांगितल्या: ब्रिटिश राज्याने अस्पृश्यतेसाठी काहीही केले नाही, म्हणून लोकांचे राज्य हवे, आणि त्या राज्यात सत्तेचा वाटा अस्पृश्यांना हवा. आपल्या संविधानात पहिल्या दिवसापासून प्रौढ मताधिकार आला. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आणि वेठबिगारीला बंदी करणारे कलम २३ आले. अमेरिकेने जे दुरुस्त्यांनी मिळविले, ते येथे मूळ मसुद्यातच लिहिले गेले, कारण मसुदा समितीच्या अध्यक्षपदी असा पुरुष होता, ज्याच्या समाजाची मोजणी शतकानुशतके इतरांनी केली होती.

तरीही त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता अशा विसंगत जीवनात आपण प्रवेश करीत आहोत. पंधरावी दुरुस्ती आणि १९६५ चा कायदा यांमधील ९५ वर्षे हा या इशाऱ्याचाच अमेरिकेतील पुरावा होय. म्हणून २६ जानेवारीला विहारात उद्देशिकेचे वाचन करताना उपासक-उपासिकांनी एक गोष्ट तपासून पाहावी: आपल्या गावात, कार्यालयात, सहकारी संस्थेत, शाळेच्या समितीत आपली संख्या जेथे धरली जाते, तेथे आपला आवाजही धरला जातो काय? जेथे धरला जात नाही, तेथे संविधानाचे काम अजून पुरे व्हायचे आहे, आणि ते आपल्यालाच करावयाचे आहे.