मगदूम खटला : चोविसाव्या हिश्श्यापासून समान वाट्यापर्यंत

विशेष प्रतिनिधी

घरचा कर्ता पुरुष निवर्तला की शेतीवाडी, घरे आणि दुकाने कोणाच्या वाट्याला किती येतात, या प्रश्नाचे उत्तर गावोगावी रीतीभातीने दिले जात असले, तरी कायद्याचे उत्तर निराळे आहे. ते समजून घेण्यासाठी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेला एक खटला आजही अभ्यासला जातो. ‘गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडाप्पा मगदूम’ या नावाने तो ओळखला जातो.

आईचा दावा

खंडाप्पा मगदूम यांचे १९६० मध्ये निधन झाले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली असा परिवार होता. दोन घरे, शेतजमीन, दोन दुकाने आणि जंगम चीजवस्तू एवढी मालमत्ता होती. हिराबाईंनी वाटणीसाठी दावा दाखल करून २४ पैकी ७ हिश्श्यांची मागणी केली. मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित होती आणि वाटण्या पूर्वीच झाल्या होत्या, असा बचाव मुलाने घेतला. तो न्यायालयाने स्वीकारला नाही. मात्र हिराबाईंना केवळ चोविसावा हिस्सा मंजूर केला.

मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची पूर्ण मागणी मान्य केली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी हा निकाल लिहिला.

हिशेब कसा झाला?

हिंदू वारसा कायदा, १९५६ मधील कलम ६ नुसार, मृत्यूच्या क्षणापूर्वी एकत्र कुटुंबाची वाटणी झाली असे गृहीत धरले जात असे. तिला ‘मानीव वाटणी’ म्हणतात. पिता आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली, तर पत्नीलाही मुलाएवढा वाटा मिळतो, असा मुंबई इलाख्यात रूढ असलेला हिंदू विधीचा नियम होता. त्यामुळे पिता, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा आला. पित्याचा चतुर्थांश मग सहा वारसांत विभागला गेला आणि प्रत्येकास एक चोविसांश मिळाला.

समजा, कुटुंबाची २४ एकर जमीन आहे. या हिशेबाने आईला सात एकर, दोन्ही मुलांना प्रत्येकी सात एकर आणि तिन्ही मुलींना प्रत्येकी एकच एकर येते. मानीव वाटणी एकदा स्वीकारली की तिचे सर्व परिणाम स्वीकारावे लागतात, या न्यायालयाच्या भूमिकेमुळे आईला न्याय मिळाला. मुली मात्र पित्याच्या वाट्यातील वारसापुरत्याच राहिल्या. जन्मसिद्ध हक्क मुलग्यांनाच होता.

मुलींचा हक्क

महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलींनाही जन्मतः सहदायकाचा हक्क दिला. पण २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेदही संपविला. शेतजमिनीच्या काही कायद्यांना वारसा कायद्यापासून सूट देणारे कलम ४ (२) त्याच वेळी रद्द झाले.

दुरुस्तीच्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक आहे काय, यावर अनेक वर्षे परस्परविरोधी निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशी गरज नसल्याचे स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि हस्तांतरणे मात्र अबाधित राहतात. तोंडी वाटणीचा बचाव केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि सरकारी दस्तऐवजांचा आधार असेल तरच ग्राह्य धरता येतो.

तेच २४ एकर आज वाटले तर? पिता, आई, दोन मुलगे आणि तीन मुली असे सात वाटे होतील. पित्याचा सातवा वाटा सहा वारसांत गेल्यावर प्रत्येकाला बरोबर सहावा हिस्सा, म्हणजे चार एकर मिळतील. पित्याने आपल्या वाट्याचे मृत्युपत्र केले असल्यास हे गणित अर्थातच बदलते.

सहीपूर्वी विचार हवा

कायदा बदलला, तरी व्यवहारात आणखी एक कागद निर्णायक ठरतो, तो म्हणजे हक्कसोडपत्र. माहेरचा उंबरठा तुटू नये म्हणून अनेक बहिणी भावांच्या नावे सही करतात. स्थावर मालमत्तेवरील हक्क सोडायचा असल्यास दस्त नोंदणीकृत असावा लागतो आणि एकदा तो झाला की फिरविणे अतिशय कठीण असते. त्यामुळे मजकूर वाचल्याखेरीज सही करू नये.

वारसाने मिळालेल्या जमिनीची माहिती तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल दफ्तरात देणे बंधनकारक आहे. त्यानंतर फेरफार होऊन सातबारावर नावे लागतात. परंतु ही नोंद प्रामुख्याने महसुलासाठी असते. केवळ तिच्यामुळे मालकी हक्क निर्माण होत नाही. म्हणूनच सातबारावर बहिणीचे नाव नाही, एवढ्यावरून तिचा हक्क संपला असे भावांनी मानू नये आणि बहिणींनीही तसे समजू नये.