रुमालात बांधलेलं शहर

2016 साली तंजावर 'स्मार्ट सिटी'च्या यादीत आलं आणि नगररचनेच्या कार्यशाळांना इथे ऊत आला. आर्किटेक्चरची मुलं ड्रोन घेऊन येतात, चारही राजवीथी पालथ्या घालतात. मी भूमापन खात्यातून निवृत्त झालेला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. शेजारीपाजारी मला 'रायर' म्हणतात. जुना माणूस म्हणून तासभर बोलायला मलाही बोलावतात. पडद्यावर पहिलंच वाक्य बहुधा ठरलेलं असतं : या शहराची जुनी आकडेवारी उपलब्ध नाही.

आकडेवारी आहे, ती मोडी लिपीत आहे. 1799 च्या तहाने तंजावरच्या मराठा सरफोजी राजांचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. हाती उरला किल्ला आणि वाडा, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. मुलूखच एवढासा, मग हिशेब बारीक होणारच. नोकरांचे पगार, बाजारातली खरेदी, इमारतींची दुरुस्ती, छत्रांतल्या (धर्मशाळांतल्या) अन्नदानाचा खर्च, सगळं कारकुनांनी लिहून रुमालात बांधलं. आजचा नियोजक ज्याला डेटा म्हणतो, तो याहून वेगळा काय असतो?

बरं, राजा नुसता हिशेब ठेवून थांबला नाही. वाड्यात 'नवविद्याकलानिधी' शाळा काढली, 1805 मध्ये देवनागरी छापखाना घातला. आणि भूगोल शिकवायला त्याने काय केलं, तर मराठीत नाटक लिहिलं, 'देवेंद्र कुरवंजी'! कुरवंजी हा तमिळ देशातला लोकप्रिय नाट्यप्रकार. डोंगरातली कुरत्ती येते, विरहिणी नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते, आणि आपण कुठकुठे हिंडलो ते गाऊन दाखवते. सरफोजींनी हे हिंडणंच पकडलं. त्यांची कुरत्ती आपल्या डोंगरापाशी थांबत नाही. ती पृथ्वीवरची खंडं आणि देश गात सुटते. तमिळ नाट्यप्रकार, मराठी पदं आणि युरोपीय पुस्तकांतून आलेला भूगोल! तालावर पाठ झालेला नकाशा सहजी विसरत नाही. माझ्या मते या शहरात झालेली सर्वांत चांगली कार्यशाळा तीच.

पाण्याचं मात्र श्रेय आधी मराठ्यांपूर्वीच्या नायक राजांना द्यायला हवं. शहराच्या पश्चिमेला शेवप्पनायकन एरी, म्हणजे तलाव. तिथलं पावसाचं पाणी मोठ्या देवळाशेजारच्या शिवगंगा तळ्यात यायचं आणि तिथून जमिनीखालच्या वाटांनी गावातल्या तळ्यांत. या वाटांना 'जलसूत्रम्' म्हणतात. पंप नाही, बैल नाही. सगळा कारभार उतारावर. मराठ्यांनी ही व्यवस्था राखली. पुढे नळ आले, घरं वाढली, वाटा बुजल्या. स्मार्ट सिटीच्या कामात अय्यनकुळम तळं उपसलं, शिवगंगेकडून येणारी जुनी वाट मोकळी केली आणि तळ्यात पुन्हा पाणी आलं. ज्याने उभा जन्म साखळी आणि लेव्हल यंत्र घेऊन काढला, त्याला त्या उताराचं कौतुक वाटणारच. पण असल्या वाटा बुजेपर्यंत त्यांची डागडुजी कोणी केली, कितीत केली, हे विचारायला रुमालांकडे कोणी गेलं नाही.

1855 मध्ये सरफोजींचे चिरंजीव दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले, राजपद संपलं. 1866 मध्ये नगरपालिका आली. हिशेब इंग्रजीत गेला, नंतर तमिळमध्ये, आणि रुमाल गाठी न सुटता पडून राहिले. तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचं तमिळ भाषांतर तीन खंडांत छापलं, हे मोठंच काम. मराठी वाचकाला आपल्याच पूर्वजांचे हिशेब तमिळमधून वाचावे लागतात, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग भरतात, शिकणारेही पुष्कळ. त्यांतल्या चौघांनी तरी शिवकालीन पत्रं थोडी बाजूला ठेवून इकडची गाडी पकडावी. नगररचनेचा एखादा विद्यार्थी शेजारी बसवून घ्यावा. आमचं मराठी पहिले दोन दिवस कानाला विचित्र लागेल, तेवढं सोसा.