रूळ धुणारा हात

मराठी मुद्रणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा खिळ्यांचा, ग्रंथांचा आणि छापखान्याच्या मालकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पहिले पंचांग कोणी छापले, सुबक देवनागरी खिळे कोणी पाडले, कोणत्या नियतकालिकाने कोणता वाद पेटवला, याची नोंद विद्यार्थ्याला सहज सापडते. खिळ्यांना शाई लावणारा रूळ आणि काम संपल्यावर तो रूळ धुणारा हात मात्र या इतिहासात जवळजवळ येतच नाही. तो आणला, तर आपल्या समाजातील शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांविषयी काही वेगळे हाती लागते, असे मला वाटते.

आरंभ ओळखीच्या ठिकाणापासून करू. गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छापील कागदाविषयी त्या काळी सनातनी मंडळींच्या मनात मोठी धास्ती होती. काही ब्राह्मण छापील कागदाला शिवायलाही कचरत, हे गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (1863) या ग्रंथावरून कळते. शाईत जनावराची चरबी असते, हा संशयाचा मुख्य विषय होता. त्यावर उपाय म्हणून चरबीऐवजी तूप घालून शाई केली गेली, अशी हकिकत मुद्रणाच्या इतिहासात सांगितली जाते. धर्म आणि यंत्र यांच्यातील तडजोडीचे उदाहरण म्हणून आपण ती कौतुकाने वाचतो.

पण शाई दगडापर्यंत किंवा खिळ्यांपर्यंत पोचत कशी होती, हा प्रश्न विचारला की तडजोडीचा अपुरेपणा ध्यानात येतो. शिळाछापाचा रूळ म्हणजे लाकडी दांड्यावर लोकरी कापड गुंडाळून वरून चढवलेले वासराचे कातडे. त्याच्या आधीच्या काळात युरोपातील मुद्रक लोकर भरलेल्या कातडी गोळ्यांनी खिळ्यांवर शाई थापत, आणि ते कातडे मऊ राहावे म्हणून मूत्रात भिजवून ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमध्ये सरस आणि काकवी शिजवून ओतलेले रूळ प्रचारात आले आणि कातडी गोळे मागे पडले. सरस तरी कशाचा? जनावरांची कातडी, हाडे आणि स्नायू उकळून काढलेला. म्हणजे शाई तुपाची असली, तरी पोथीच्या प्रत्येक अक्षरावर ती फिरवणारी वस्तू मेलेल्या जनावराच्या देहातूनच आलेली होती. शाईविषयी एवढी चौकशी करणाऱ्या समाजाने रुळाविषयी तशी चौकशी केल्याचे आढळत नाही. शाई कागदावर राहते, वाचकाच्या बोटाला लागते; रूळ छापखान्यातच राहतो. जे दृष्टीआड, ते विटाळाच्याही आड, असा हा सोयीचा व्यवहार दिसतो.

सरसाचा रूळ सांभाळणे हे नाजूक काम होते. उन्हाने तो मऊ पडे, पावसाळी हवेत ओलावा शोषून घेई आणि मग तेलकट शाई उचलेनासा होई. म्हणून ऋतूप्रमाणे सरसाचे प्रमाण बदलून उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे वेगळे रूळ ओतण्याची रीत होती. इंग्लंडच्या हवेसाठी बेतलेली ही वस्तू भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशात किती जिकिरीची, याची कल्पना करता येते. येथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि सरस त्याच्या बऱ्याच आधी पाघळू लागतो. शिवाय या रुळाला पाणी चालत नाही. पाण्याने सरस फुगतो. तो रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंधीनेच पुसावा लागे. संध्याकाळी रूळ न पुसता तसाच राहिला, तर शाईची खपली धरे आणि दुसऱ्या दिवशीची छपाई डागाळे. लहान गावांतून पुढे दीर्घकाळ चाललेल्या ट्रेडल यंत्रावरही हा नेम तोच राहिला: काम संपले की रूळ पुसायचे, शाईची तबकडी पुसायची, हात रॉकेलने धुवायचे.

हे काम छापखान्यातल्या सर्वांत खालच्या माणसाकडे असे. जुळाऱ्याला निदान अक्षरओळख लागे आणि तिच्यापोटी थोडी प्रतिष्ठाही मिळे. रूळ पुसणाऱ्याला दोन्हींची गरज नाही, असे मानले जाई. तरी या पायरीवरून वर आलेली माणसे आपल्या इतिहासात आहेत. निर्णयसागराचे संस्थापक जावजी दादाजी (1839–1892) यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम केले होते. पुढे 1869 साली त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्यांसाठी तो देशभर नावाजला. ‘शुद्ध’ हा शब्द येथे पाठाच्या शुद्धतेचा आहे. त्या काळच्या यंत्रांवर रूळ सरसाचेच असत, हे मात्र विसरू नये.

सरसासाठी लागणारी कातडी आणि हाडे कोणाच्या श्रमातून येत? मेलेली ढोरे ओढणे, सोलणे, कातडे कमावणे ही कामे गावगाड्याने ज्या जातींवर लादली, त्यांनाच अस्पृश्य ठरवले. पोथीला त्यांच्या श्रमाचा स्पर्श चालत होता, पोथी वाचणाऱ्याला त्यांचा स्पर्श चालत नव्हता. म्हणून किसन फागू बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागपुरात चालवलेल्या पत्राचे ‘विटाळ विध्वंसक’ हे नाव मला अतिशय अर्थपूर्ण वाटते. छपाईच्या साधनात मुरलेला विटाळ आजवर कोणी मोजला नव्हता. आता त्याच साधनातून विटाळाच्या कल्पनेवरच घाव घातला जात होता. ‘मूकनायक’ (1920) आणि ‘बहिष्कृत भारत’ (1927) ही बाबासाहेब आंबेडकरांची पत्रे याच वाटेवरची. मार्च 1927 च्या महाड परिषदेत मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याचा विचार ठामपणे मांडला गेला, तेही याच काळात. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखानाही उभा केला. 1954 साली ते ज्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तो नागपूरला लागूनच. विदर्भाच्या या पट्ट्यात छापील पत्रक आणि छापील पत्र यांना असलेले मोल निवडणुकीच्या निकालावरून मोजता येणार नाही.

रुळाचे द्रव्य पुढे बदलले. सरसाची जागा रबराने घेतली, लेटरप्रेसची जागा ऑफसेटने. ऑफसेट यंत्रात शाई पंधरा-वीस किंवा त्याहूनही अधिक रुळांच्या माळेतून पातळ होत जाते, त्यामुळे एकेक रूळ चिंधीने पुसणे परवडेना. मग यंत्र चालू ठेवून रुळांवर द्रावक सोडायचे, एका रुळाला रबरी धारेची पट्टी टेकवायची आणि निघालेली शाई खालच्या तसराळ्यात जमवायची, अशी युक्ती निघाली. नंतरच्या यंत्रांत द्रावक फवारणे, पट्टी टेकवणे आणि मागे घेणे हे सारे कळ दाबून होऊ लागले. काळ्यानंतर पिवळा रंग लावायचा असेल, तर हे धुणे दोन-तीनदा करावे लागते. शिळाछापाचा कातडी रूळ बोथट सुरीने खरवडून साफ करीत; आजची पट्टी त्या सुरीचीच वंशज आहे.

हात मोकळा झाला, ही गोष्ट लहान नाही. तिचे मोल ओसाकाच्या एका छापखान्याने दाखवून दिले. तेथे मुद्रितांच्या नमुन्याची छपाई करणारे कामगार दिवसभरात शेकडो वेळा हाताने शाई पुसत, कोंदट खोलीत द्रावकाची वाफ श्वासावाटे घेत. त्यांच्यापैकी अनेक तरुणांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे 2012 साली उघड झाले. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्या द्रावकातील 1,2-डायक्लोरोप्रोपेन हे रसायन माणसात कर्करोग घडवणारे ठरवले. शाईचा धोका जुन्या काळी वाचकाच्या धर्मासाठी मोजला गेला होता. पुसणाऱ्याच्या देहासाठी तो मोजायला एवढा काळ जावा लागला.

स्वयंचलित धुण्यानेही प्रश्न पुरता मिटत नाही. तसराळे भरते, ते कोणीतरी रिकामे करते, आणि त्यातला द्रावकमिश्रित गाळ कुठेतरी जातो. साहित्याच्या अभ्यासकाने संहितेबरोबर तिची सामग्रीही वाचावी, असे आपण अलीकडे म्हणू लागलो आहोत. त्या सामग्रीत कागद, खिळे, बांधणी यांच्या जोडीला रूळ, चिंधी आणि तसराळे यांचीही गणना झाली, तर मराठी ग्रंथाच्या इतिहासात जातीचा आणि श्रमाचा इतिहास वेगळे प्रकरण म्हणून मागाहून जोडावा लागणार नाही. तो प्रत्येक छापील पानात आधीपासूनच आहे.