निळा घोडा, हिरवा घोडा

मोरव्यात घोडा येतो तो लग्नापुरता. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याला मुर्धा, राई, मोरवा अशी गावं लागतात. आजूबाजूला खाडी, खाजण आणि मिठागरं. या चिखलात घोड्याचं काय काम? चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत इथून जवळच असलेला धारावीचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली घेतला, पण एरवी या मुलखात घोड्यापेक्षा होडीलाच किंमत. म्हणून वरातीची घोडी दारात आली की पोरं अजून तिच्याभोवती गोळा होतात, आणि सगळ्यांचं एकमत असतं की घोडी पांढरी आहे.

जाणत्या घोडेवाल्याला हे उत्तर पुरत नाही. तो आधी नाकपुड्यांची आणि ओठांची कातडी बघतो. कातडी गुलाबी असेल तर जनावर नुकरा, म्हणजे जन्मापासूनच पांढरं. केस पांढरे पण कातडी काळी असेल तर तो सब्जा. हा जन्मतो काळा, तांबडा किंवा तपकिरी, आणि वर्षागणिक पिकत जातो. अंगावर चट्टे दिसतात ते मधल्या वयात, आणि शेवटी सगळा पांढरा. २००८ साली शास्त्रज्ञांनी या पिकण्यामागचा जनुकातला बदल शोधून काढला; एक तुकडा तिथे दोनदा लिहिला गेलेला असतो. घोडेवाल्याला जनुक ठाऊक नव्हता, पण काळ्या कातडीवरच्या पांढऱ्या केसांना वेगळं नाव द्यायला हवं, एवढं त्याला पुरतं कळलं होतं.

नावं मात्र त्याची स्वतःची नव्हेत. नुकरा हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, अर्थ चांदी. मुश्की म्हणजे काळा, तो फारसी मुश्कवरून, म्हणजे कस्तुरीवरून. अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ, शेपूट, पाय काळे, तो कुमाईत. हा शब्द अरबी, आणि जुने अरब कवी तोच शब्द मद्यालाही वापरत. अबलख म्हणजे दुरंगी, पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे मोठे पट्टे असलेला. कैरो-दमास्कसकडे काळ्या-पांढऱ्या दगडांचे आलटून पालटून थर रचून भिंत बांधतात, त्या बांधकामालाही ‘अबलक’च म्हणतात. हिंदीत तर एका काळ्या-पांढऱ्या मैनेलाही हेच नाव मिळालं.

नावं परकी असण्याचं कारण उघड आहे. दख्खनला चांगला घोडा शतकानुशतकं बाहेरून, अरबस्तान आणि इराणकडून गलबतांत बसून यायचा. मालाबरोबर मालाचं नावही उतरायचं. हे काही सुलतानांच्या काळात सुरू झालेलं नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणी’ हा कोश रचला. त्यात घोड्यांच्या रंगांची नावं आहेत ती कोकाह, खोंगाह, सेराह, कियाह, वोल्लाह अशी. संस्कृत कोशात ती परक्या गावच्या पाहुण्यांसारखी अंग चोरून बसली आहेत. टीकेत त्यांची व्युत्पत्ती लावताना हेमचंद्रालाही मान्य करावं लागलं की ही नावं बहुतेक देशी, म्हणजे संस्कृत धातूंतून न निघणारी आहेत. मला हा कोशकाराचा प्रामाणिकपणा फार आवडतो.

शिवरायांच्या आज्ञेने तयार झालेल्या राजव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी तबेल्यात फारसी टिकलीच. पागा, लगाम, नालबंद, खोगीर हे शब्द कोणाला हलवता आले नाहीत. उलट खोगीरभरती लिहिण्या-बोलण्यातही शिरली.

पण या परक्या रंगनावांच्या शेजारीच एक वेगळा संसार नांदत होता, तो खुणांचा. आणि इथे भाषा एकदम संस्कृताकडे वळते. चारही पाय आणि तोंड पांढरं, तो पंचकल्याणी. त्यात छाती, आयाळ आणि शेपूटही पांढरी असली की अष्टमंगल. पांढरं अंग नि काळा कान असला की शामकर्ण. महाभारतात गुरुदक्षिणेसाठी असे आठशे घोडे शोधत गालव दारोदार फिरला. गळ्याशी केसांचा भोवरा असला तर देवमण, शुभ. दुसरीकडे कुठे भोवरा निघाला तर मालकाचा घात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावर सांगितलं जाणारं सचित्र अश्वशास्त्र आहे. ते १९५२ साली छापून निघालं. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या जाणाऱ्या शालिहोत्राचं नाव तर आपल्या तोंडी इतकं रुळलं की जनावरांचा वैद्य तो सालोत्री झाला.

रंगांची नावं परदेशी आणि खुणांची घरची, असं का? मला वाटतं, दोघांचे मालक वेगळे होते. रंग कारकुनाचा, खूण गिऱ्हाइकाची. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग द्यायची आणि स्वारांचा चेहरा, म्हणजे वर्णन, लिहून ठेवायची पद्धत घातली. पुढे अकबराने तीच नेटाने राबवली. हेतू एवढाच की हजेरीला चांगला घोडा दाखवून मोहिमेवर भलतंच तट्टू आणायची सोय राहू नये. मराठी फौजेतही बारगिराचा घोडा सरकारचा आणि शिलेदाराचा स्वतःचा, तेव्हा कोणतं जनावर कोणाचं हे कागदावर पक्कं असायलाच हवं. कारकुनाची भाषा फारसीच्या वळणाची, म्हणून रंग फारसी. सब्जाने मात्र या कारकुनाला गोत्यात आणलं असणार. चार वर्षांचा असताना लिहिलेला करडा घोडा दहाव्या वर्षी पांढराशुभ्र होऊन समोर उभा राहिला, तर चेहरा जुळायचा कसा? तिथे भाजून उमटवलेला डागच कामी येतो.

खुणा बघणाऱ्याला कागदाशी देणंघेणं नसतं. त्याला पैसे मोजायचे असतात आणि जनावर दारी बांधायचं असतं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे आजही गिऱ्हाईक आधी दात बघतं आणि मग भोवरे. गंमत अशी की हे भोवरे वाया गेलेले नाहीत. प्रत्येक घोड्यात त्यांची जागा निराळी असते, म्हणून जगभर घोड्यांच्या ओळखपत्रावर ते आराखड्यात खुणा करून नोंदवतात. शुभाशुभासाठी बघितलेली खूण शेवटी कारकुनाच्याच दप्तरी गेली.

आता राहिला सब्जा. फारसीत सब्ज म्हणजे हिरवा. करडा घोडा हिरवा कसा? पण राजस्थानात राणा प्रतापाच्या चेतकाला निळा म्हणतात, आणि आपल्याकडे खंडोबाच्या गाण्यांत देवाचा घोडा निळाच असतो, चित्रात मात्र तो पांढरा काढतात. भक्ताला यात विसंगती वाटत नाही, आणि मला वाटतं तोच बरोबर आहे. काळ्या कातडीवर पांढरे केस दाटले की सकाळच्या तिरप्या उन्हात त्या अंगावर खरोखर निळसर झाक येते.

मुंबईकरांनी मात्र सोपा मार्ग धरला. सातव्या एडवर्डचा ब्राँझचा पुतळा काळवंडला, तर त्यांनी वरच्या राजाला वगळून चौकाला काळा घोडा म्हटलं. १९६५ साली पुतळा राणीच्या बागेत गेला, नाव तिथेच राहिलं. पागेतल्या माणसाने त्याला मुश्की म्हटलं असतं.