हातगुणाची वही

“पदवी नसेल, पण हाताला गुण आहे. रात्री-अपरात्री धावून येतो, पैशासाठी अडवत नाही. कुणाचं वाईट झालं नसताना त्याला तुरुंग कशाला?” बोगस डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला की पारापारावर हा सवाल उठतो. विचारणारे अनुभवाने बोलतात. म्हणून आधी तो अनुभवच तपासू.

बहुतेक विषाणूजन्य ताप चार-पाच दिवसांत आपोआप उतरतात. तिसऱ्या दिवशी सुई टोचली की श्रेय सुईला. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये साखर असते २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. तिलाच आपण ‘ताकद’ म्हणतो. रोगी खालावला तर त्याला जालन्याला नाहीतर संभाजीनगरला हलवतात, आणि तिथे दगावला तर बोल लागतो तिथल्या दवाखान्याला. ज्या वहीत नुसती जमाच मांडतात, तिच्यात दिवाळं कधी दिसत नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: डॉक्टरच नसतील तर लोकांनी जायचं कुठे? याचं उत्तर गडचिरोलीने दिलं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तयार केलेल्या गावातल्याच बायका १९९०च्या दशकात नवजात बाळांना जंतुदोषावर इंजेक्शन देत, आणि बालमृत्यू घटले. पदवी त्यांच्याकडेही नव्हती. पण शिक्षण होतं, देखरेख होती, जन्म-मृत्यूंची नोंद होती. आणि त्या स्वतःला डॉक्टर म्हणवत नव्हत्या. त्यामुळे ‘हे माझ्या हातचं नाही, पुढे न्या’ असं त्या मोकळेपणी म्हणू शकत. सोंग घेतलेल्याला नेमकं हेच वाक्य महाग पडतं.

म्हणूनच महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ चं कलम ३३ कुणी दगावण्याची वाट पाहत नाही. नोंदणीशिवाय व्यवसाय केला, एवढ्यानेच गुन्हा होतो. पहिल्याच खेपेला २ ते ५ वर्षं कैद, वर दंड. अपाय नंतरचा, फसवणूक रोग्याने पाटीवर भरवसा ठेवला तेव्हाच झालेली असते.

आपल्या जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या पाचव्या दशकात त्यांनी करामती दाखवणारे गुरू सद्गुरूपासून निवडून बाजूला काढले. हातगुण ही तसलीच करामत. गुरूसुद्धा पारखून घ्या म्हणणाऱ्याच्या या गावात, सुई टोचून घेण्याआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारणं उद्धटपणा कसा ठरेल?